पहिलीचं वाचन आवाजापासून: कोकणातल्या शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकांसाठी

फळ्यावरचा 'क' दाखवला की पहिलीतलं मूल झटकन 'कमळाचा' म्हणतं. त्याच्याच शेजारी 'काकी' लिहिलं की गप्प होतं. त्याला अक्षराचं नाव आणि चित्र पाठ झालेलं असतं. त्या खुणेसाठी तोंडातून कोणता आवाज काढायचा आणि तो पुढच्या आवाजाला कसा जोडायचा, हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या शाळेत नेमणूक झाली असेल, पहिली-दुसरी पहिल्यांदाच हाती आली असेल आणि तुम्ही घाटावरून किंवा मराठवाड्यातून आला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. अशा वर्गात दोन कामं एकदम करावी लागतात. मुलांना आवाज आणि अक्षर यांचं नातं शिकवायचं असतं, आणि त्यांच्या घरचे आवाज कोणते हे आपण शिकायचं असतं. दुसरं काम टाळलंत तर पहिलं अडतं.

पोहोचायचं कुठे हे ठरलेलं आहे. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाप्रमाणे पहिलीअखेर मुलाने न शिकवलेल्या मजकुरातली ४-५ सोप्या शब्दांची वाक्यं वाचायला हवीत. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द वाचता यायला हवेत. पहिलीत घड्याळ लावू नका. वेग आधी मागितला की मुलं पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतात, आणि ही सवय नंतर सुटता सुटत नाही.

जवळ ठेवायचं सामान

- अक्षरकार्डं. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे उत्तम. स्केचपेन वापरू नका, पावसाळी दमट हवेत शाई फुटते. परमनंट मार्करने लिहा आणि वर रुंद सेलोटेप लावा.
- प्रत्येक मुलाला पाटी आणि ८-१० शिंपले. तिसऱ्यांचे, म्हणजे इथे खातात त्या शिंपल्यांचे, चालतात, पण उकळून वाळवा आणि कडा दगडावर घासून घ्या.
- वाळूचं ताट. किनाऱ्यावरची वाळू तशीच भरली तर तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि जुलैत ताटात गोळे होतात. गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन मे महिन्याच्या उन्हात वाळवा. नाहीतर तांदळाची कणी घ्या.
- माडाच्या झावळीतला हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, शब्दाखालून सरकवायला.
- एक शंभरपानी वही, फक्त मुलांच्या चुका टिपण्यासाठी.

फोनवरून सरावपत्रिका छापून घेणार असाल तर आधी 'ल' आणि 'श' पाहा. राज्य शासनाने २००९मध्ये लिपी प्रमाणित केली तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला. पाठ्यपुस्तकात एक वळण आणि पत्रिकेत दुसरं असलं की मूल त्यांना दोन वेगळी अक्षरं समजतं.

## १. पहिला आठवडा: फक्त ऐका

फळ्याकडे वळण्याआधी मुलांना बोलतं करा. बाजार, होडी, गोठा, कालचं जेवण, कशावरही. त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, सुधारू नका. मालवणी घरातलं मूल 'आंबो', 'घोडो', 'माका', 'खंय' म्हणेल. रायगड किनाऱ्यावरचं आगरी बोलणारं मूल 'पाणी'ला 'पानी' आणि 'कोंबडी'ला 'कोंबरी' म्हणेल. हे बोलणं अशुद्ध नाही. त्या बोलीत आवाजांची मांडणी वेगळी आहे, आणि पुढे कुठे अडणार ते याच आठवड्यात कळतं. ण-न, ळ-ल आणि ड-र या तीन जोड्यांसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवा.

## २. पुढचे दोन आठवडे: कानाची तयारी

या काळात अक्षर दाखवायचं नाही. रोज १५ मिनिटं पुरे.

शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवणं हा सगळ्यांना माहीत असलेला खेळ, पण त्यात एक खड्डा आहे. 'नारळ' म्हटल्यावर मूल दोनच टाळ्या वाजवतं, ना-रळ. आपल्या डोळ्यांपुढे लिहिलेली तीन अक्षरं असतात, म्हणून आपण चूक धरतो. मूल बरोबर असतं. मराठी बोलताना शेवटच्या अक्षरातला 'अ' गळतो, त्यामुळे कानाला दोनच तुकडे ऐकू येतात. म्हणून सुरुवात शेवटी काना किंवा वेलांटी असलेल्या शब्दांनी करा: मासा, होडी, केळी, माती. ते जमलं की माड, बाळ, नारळ घ्या आणि सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं ताणून म्हणा. टाळीऐवजी दर तुकड्याला एक शिंपला पुढे सरकवायला लावलं तर मोजणी डोळ्यांनाही दिसते.

मग पहिला आवाज ओळखणं. 'मासा, माड, होडी, माती यांत वेगळा कोण?' त्यानंतर शेवटचा आवाज. त्यासाठी गावात भेंड्या आहेतच.

ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून हे दोन आवाज शब्दाच्या शेवटीच ऐकवा. जोड्या अशा: वेळ-वेल, काळ-काल, माळ-माल, मन-मण. ड आणि र साठी वाडा-वारा, पाडा-पारा. तुम्ही तोंडापुढे वही धरून शब्द म्हणा. 'वेळ' ऐकला तर मुलांनी मनगटाकडे बोट करायचं, 'वेल' ऐकला तर हाताने वर चढणारी वेल काढायची. फरक ऐकू येत नसताना तो लिहायला लावणं म्हणजे मुलाला उगाच रडवणं.

पावसाचं गणितही बांधा. पत्र्यावर सरी कोसळत असताना शेवटच्या रांगेत ल आणि ळ सारखेच पोहोचतात. अशा वेळी पाटी, वाळू, कार्डांच्या जोड्या काढा. सर थांबली की सगळ्यांना जवळ अर्धगोलात बसवून कानाचं काम उरका.

## ३. अक्षरं गटाने घ्या, क-ख-ग-घ क्रमाने नको

वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे, पण त्यात क, ख, ग, घ, ङ एवढं शिकून मुलाला वाचायला शब्द मिळत नाहीत. चार व्यंजनं आणि एकदोन मात्रा (म्हणजे काना, वेलांटी यांसारख्या स्वरांच्या खुणा) असा गट करा. म्हणजे पहिल्याच आठवड्यात शब्द तयार होतो.

गट १: म, स, र, क आणि ा, ी. शब्द: मासा, मका, मामी, काकी, रस, सार, कीस, सरी. वाक्य: काकी, सार कर.

गट २: न, त, ब, ळ आणि े. शब्द: नारळ, बाळ, माती, केळी, कातळ, सकाळ, मासळी. वाक्य: बाबा नारळ नेतात. इथेच सुटे आ, ई, ए द्या, म्हणजे 'आई' वाचता येईल.

गट ३: ल, प, ह, ड आणि ो. शब्द: होडी, माड, पाडा, होळी, कोळी, डोळा. वाक्य: कोळी होडी नेतो.

गट ४: ग, व, ट, च आणि ु, ू. शब्द: गाव, वाडी, वाट, चूल, गुरव.

पुढचे गट तुम्हीच बांधा, पण एक पथ्य पाळा. दिसायला सारखी अक्षरं एका गटात घालू नका. भ-म, घ-ध, ब-व, थ-य, ट-ढ यांच्यात किमान तीन आठवडे जाऊ द्या. पहिलं पक्कं झाल्यावर दुसरं आलं की मूल फरक शोधतं. दोन्ही एकदम आली की दोन्ही कच्ची राहतात.

'म' आणि 'स' पहिल्या गटात असण्याला कारण आहे. हे आवाज ताणता येतात: म्म्म्म, स्स्स्स. 'क' ताणता येत नाही, उच्चारला की संपतो. ताणता येणाऱ्या आवाजाला पुढची मात्रा जोडणं मुलाला फार सोपं जातं.

एका गटाला तीन आठवडे धरा. जून ते दिवाळी चार गट झाले तर उत्तम चाललंय. मधे लावणीच्या दिवसांत आणि गणपतीत हजेरी पडते, म्हणून गणपतीआधीच्या आठवड्यात नवं अक्षर काढू नका. सुट्टीनंतरचे चार दिवस फक्त उजळणीला ठेवा.

## ४. एका नव्या अक्षराचा धडा

४० मिनिटांत बसतो. दोनशिक्षकी शाळेत दुसरीची मुलं तेवढ्यात पाहून लेखन किंवा जोडीने वाचन करू शकतात.

१. आवाज (५ मिनिटं). 'स'चे शब्द तोंडी म्हणवा. दात जवळ, हवा बाहेर. हाताचा तळवा तोंडापुढे धरायला सांगा.

२. खूण (५ मिनिटं). आता अक्षर दाखवा. 'स सशाचा' म्हणू नका, 'ही खूण दिसली की स म्हणायचं' एवढंच. चित्र जोडलं की मूल अक्षर पाहून आधी ससा आठवतं, मग त्यातून आवाज वेगळा काढतं, आणि वाचताना ही फेरी प्रत्येक अक्षराला पडते.

३. वाळूत गिरवणं (५ मिनिटं). बोट फिरत असताना तोंडाने आवाज चालू हवा. मुकं गिरवणं हा चित्रकलेचा तास होतो.

४. जोडणं (१० मिनिटं). 'मी, आपण, तू' असा क्रम: आधी तुम्ही वाचा, मग सगळे मिळून, मग एकेक मूल. हीर शब्दाखालून न थांबता सरकवा. हीर थांबला की आवाजही तुटतो.

५. श्रुतलेखन (१० मिनिटं). फक्त ५ शब्द, शिकवलेल्याच अक्षरांचे. लिहिण्याआधी शब्दात अक्षरं किती ते शिंपल्यांनी मांडायचं.

६. वाचन (५ मिनिटं). फळ्यावर दोन वाक्यं, तीही शिकवलेल्याच अक्षरांची.

चौथ्या पायरीवर हमखास होणारी चूक म्हणजे 'की' हे 'क-ई' असं वाचणं. देवनागरीत 'क'मध्ये 'अ' आधीच असतो, आणि मात्रा लागली की तो निघून जातो. हे नियम म्हणून सांगून पहिलीतल्या मुलाला कळत नाही. 'म्म्म्म' म्हणत राहा, हळूच वेलांटीचं कार्ड लावा आणि आवाज न तोडता 'मी'वर या. सातआठ वेळा केलं की 'की' आपोआप सुटतो.

बाराखडी वाईट नाही, फक्त तिची वेळ वेगळी आहे. 'क का कि की' सुरात म्हणणाऱ्या मुलापुढे मधलाच 'के' ठेवून पाहा. बरीच मुलं पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येतात. चारपाच मात्रा सुट्या ओळखता आल्यावर बाराखडीचा तक्ता लावा.

## ५. 'आंबो' वाचलं तर काय करायचं

पुस्तकात 'आंबा' लिहिलंय आणि मूल 'आंबो' वाचतं. बहुतेक नवे शिक्षक इथे लगेच दुरुस्ती करतात. आधी कारण शोधा, कारण यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. चित्र झाका आणि पाटीवर सुटं 'बा' लिहून वाचायला सांगा. मूल 'बा' वाचत असेल तर त्याला काना येतो; घरचा शब्द जिभेवर बसलाय, एवढंच. 'बा' वाचता आलं नाही, तर ते चित्र पाहून सांगत होतं आणि काना पुन्हा शिकवायला हवा.

पहिल्या प्रकारच्या मुलासाठी फळ्यावर दोन्ही लिहा: आंबो, आंबा. एकाखाली एक. 'घरात काय म्हणतो? पुस्तकात काय लिहिलंय? बदललं कुठे?' मूल स्वतःच बोट ठेवतं. मग घोडो-घोडा, मासो-मासा. काना आणि 'ो' यांतला फरक शिकवायला मालवणी वर्गाइतकी आयती सोय दुसरीकडे मिळणार नाही. आगरी वर्गात हेच पानी-पाणी, कोंबरी-कोंबडी असं करा.

असंच 'केळं' आणि 'केळे'. मुलं सगळीकडे 'केळं, झाडं' बोलतात आणि पुस्तकात 'केळे, झाडे' येतं. दोन्ही एकच, हे एकदा तोंडी सांगून टाका. आणि 'केळं'वरचा टिंब न किंवा म नाही, तिथे फक्त 'अ' लांबतो, हेही.

## ६. मात्रा आणि अनुस्वारातल्या अडचणी

पहिली वेलांटी लिहितात अक्षराआधी, पण बोलतात नंतर. म्हणून ी आधी आणि ि किमान दोन महिन्यांनी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला पहिलीत लाल शाई लावू नका. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत दीर्घ असतात, एवढी एकच सवय लावली तरी बऱ्याच चुका कमी होतात.

अनुस्वाराचा आवाज पुढच्या अक्षरावर ठरतो. 'आंबा' म्हणताना ओठ मिटतात, 'कांदा'त जीभ दातांना लागते, 'बांगडा'त जिभेचं मूळ वर जातं. नियम सांगत बसू नका. पहिला आठवडा फक्त ओठवाले शब्द घ्या: आंबा, कोलंबी, लांब, खांब. ओठ मिटलेले मुलांना एकमेकांच्या तोंडावर दिसतात. मग कांदा, तांदूळ. मग बांगडा, सुरंगी. 'सिंह', 'वंश' दुसरीसाठी ठेवा.

च, ज, झ यांचे दोन-दोन आवाज आहेत आणि लिहायची खूण एकच: चार-चारा, जेवण-जाळं, माझी-माझा. मुलांना दोन्ही आवाज बोलण्यातून येतातच. म्हणून मुलाने 'चूल'मधला च 'चार'सारखा वाचला तर 'घरात असं म्हणता का?' एवढं विचारा. ओळखीचा शब्द असेल तर ते स्वतः दुरुस्त करतं. इ आणि ए पुढे असले की आवाज 'चार'सारखाच असतो, हे तुमच्या माहितीसाठी.

## ७. जोडाक्षरं

पहिलीच्या शेवटी सुरू करा, घाई नको. आधी एकच अक्षर दोनदा येणारे शब्द: गल्ली, पक्का, पत्ता. मग काना काढून अर्धी होणारी अक्षरं: पुस्तक, रस्ता.

'म्ह', 'व्ह', 'ल्ह' मात्र लवकर घ्या, कारण ती मुलांच्या रोजच्या तोंडात आहेत: म्हैस, म्हावरं, वल्हं, कोल्हा. ती सुटी करून शिकवू नका. एका दमात म्हणायचा एकच आवाज म्हणून द्या.

सर्वात जास्त वेळ 'र'ला लागतो, कारण त्याची रूपं वेगवेगळी आहेत: चक्र, ट्रक, सर्प, वाऱ्याने. प्रत्येक रूपाला दोन दिवस. शेवटी 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पहिल्यात र्-वर जोर देऊन थांबतो, दुसऱ्यात न थांबता घसरत जातो. समुद्र आणि डोंगर दोन्ही खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत ही जोडी मुलं विसरत नाहीत.

## ८. दर तीन आठवड्यांनी तपासणी

एका मुलाला दोन मिनिटं. १० शब्द द्या: ५ खरे आणि ५ अर्थ नसलेले. पहिल्या गटासाठी राकी, मीसा, सीकर, मकी, कामीस. खरा शब्द मूल आठवणीतूनही सांगू शकतं, पण 'मीसा' वाचायचं तर अक्षरंच वाचावी लागतात. 'हे गंमतशब्द आहेत, यांना अर्थ नाही' असं आधी सांगा, नाहीतर हुशार मूल 'मीसा'चा 'मासा' करतं.

१०पैकी ८ आले तर पुढचा गट. ५ ते ७ आले तर पुढे न्या, पण रोज १० मिनिटं वेगळी बसवा. ५पेक्षा कमी असतील तर तो गट पुन्हा घ्या. वहीत नुसते गुण लिहू नका. 'ब ऐवजी व', 'े सोडली' असं लिहा. पुढच्या आठवड्याचा धडा त्यावरूनच ठरतो.

## ९. घरच्यांना काय सांगायचं

अनेक घरांत आईवडील मुंबईला आणि मूल आजीजवळ असतं. आजीला वाचता येत नसेल तरी तिचं काम मोठं आहे. 'आजी, तुम्ही अक्षरं शिकवू नका. रोज संध्याकाळी त्याच्याकडून पाच मिनिटं वाचून घ्या आणि भेंड्या खेळा' असं सांगा. घरी 'अ अननसाचा' गिरवून घेतलं की वर्गातलं काम उलट फिरतं.

## १०. इंग्रजीचं काय

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, त्यामुळे दोन लिप्या एकदम येतात. मराठीचा पहिला गट पक्का होईपर्यंत इंग्रजी तोंडीच ठेवा. मग एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे आवाज घ्या. त्यांतून बरेच छोटे शब्द होतात. इथला सापळा असा की मुलं 'टी'चा आवाज 'ट' असा 'अ'सकट काढतात आणि तीन आवाजांचा शब्द 'स-ॲ-ट' असा लांबतो. इंग्रजी व्यंजनात 'अ' नसतो, म्हणून पाय मोडलेला 'ट्', कुजबुजल्यासारखा म्हणवा.

## ११. मूल पुढेच जात नसेल तर

चार आठवडे वेगळा वेळ देऊनही मूल तिथेच असेल तर आधी कान आणि डोळे तपासा. त्याच्या पाठीमागे दोन हात अंतरावर उभे राहून हळू आवाजात 'वेळ', 'माळ' म्हणा आणि परत म्हणायला सांगा. कान वाहणं पावसाळ्यात खूप दिसतं आणि त्या दिवसांत मुलाला नीट ऐकू येत नाही. फळ्यावरचं चुकतं पण पाटीवरचं बरोबर येतं, असं असेल तर डोळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आणि तुमची चुकांची वही त्यांच्यापुढे ठेवा. ते येईपर्यंत त्या मुलाला पहिल्या रांगेत, ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान तुमच्याकडे करून बसवा, आणि त्याच्याशी बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.